चानपेंगचा लाप

माझी आई चानपेंग एरवी स्वभावानं गरीब. पण लाप कालवायला बसली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. कच्च्या गोमांसाचा बारीक खिमा करायचा, त्यात रक्त, तिखट, भाजलेल्या तांदळाची पूड, वर सढळ हातानं लिंबू. खिमा पांढुरका पडला की म्हणायची, "झालं! लिंबानं शिजला." अख्खं गाव तेच मानायचं, मीसुद्धा. थायलंडच्या इसान भागातल्या आमच्या गावात तीस वर्षं एकही जेवणावळ तिच्या लापाशिवाय उठली नाही.

पहिल्या खेपेला माझं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "कशानं गेलं ते नक्की सांगता येत नाही. पण यापुढे कच्चं मांस बंद. त्यातला जंतू आईला कळतही नाही, पोटातल्या बाळाला मात्र गाठतो. लिंबानं नाही, आगीनंच मरतो तो." हे आईला सांगायची माझी काय छाती!

पुन्हा दिवस राहिले. भीतीनं मी नवऱ्याशिवाय कुणापाशीच बोलले नव्हते. तेवढ्यात शेजारच्या थितकाकांच्या नव्या घराचं जेवण आलं. आईनं परातभर लाप कालवला आणि सगळ्यांदेखत चिमूटभर माझ्या तोंडाशी धरला.

"बघ गं लमाई, मीठ बरोबर?"

मी तोंड फिरवलं.

"का? माझ्या हाताची किळस यायला लागली होय?"

"किळस नाही गं आई!" मला रडूच फुटलं. "मला दिवस गेलेत. कच्च्यातला जंतू बाळाला धरतो म्हणे. लिंबानं मरत नाही तो."

आईनं हात धुतले, शेगडीवर कढई ठेवली आणि अख्खी परात तीत उपडी केली.

थितकाका ओरडले, "अगं, शिजवलेला लाप? चानपेंग, नाव घालवलंस!"

"जाऊ दे नाव!" आई ढवळत म्हणाली. "लमाईच्या आधी माझीही दोन पोटातच गेली. दोन्ही वेळा मी असाच घास घेतला होता. त्यानंच गेली का, कोण जाणे. खायचं तर खा!"

मला हे ठाऊकच नव्हतं. मी एकुलती एक म्हणून लाडाची, एवढंच मला माहीत.

माझी लेक झाली ती तीन किलोची, गुटगुटीत. आई तिची बोटं पुन्हापुन्हा मोजत बसली.

"पुरे की गं आता," मी म्हणाले.

"मोजू दे," आई म्हणाली. "त्या दोघांची राहिली होती."