ब्राझीलवाल्या बाईच्या स्कर्टची उलटी बाजू

मामाचा फोन आला. "निशा, उद्या ये. ब्राझीलच्या कपड्याच्या कंपनीची बाई येऊन राहिली. करवतीची साडी नमुना म्हणून नेणार आहे. तुले मोबाइलवरचं समजते."

मी नववीनंतर शाळा सोडली, घरीच साड्यांले फॉल-पिको करते. चार लोकायत बोलाचं म्हटलं का माहा गळाच बसते. पण ब्राझीलवरून कोणी मामाच्या आंधळगावले कायले येईल? याच संशयानं गेली.

आमच्या सिहोऱ्यावरून सकाळचीच एस.टी. पकडा, नंतरच्या गाडीत उभं राहा लागते. बायायले अर्धं तिकीट आहे. तुमसरले स्टँडसमोर पोहे खा, तर्री वेगळी मागा. मंग आंधळगावची गाडी. राईस मिलचा कोंडा डोळ्यात जाते, खिडकी लावून घ्या. मी गाडीतच मोबाइलवर कंपनीचं पान मराठीत करून पाहिलं. समुद्र, गोऱ्या बायका, अना दर कपड्याखाली 'हाताने बनवलेले'. कोणाच्या हातानं, ते कुठंच नाही.

मामाकडचा माग गल्लीतूनच आयकू येते. करवतीच्या साडीले दोघं लागतात, इकडून मामा धोटा फेकते, तिकडून मामी. काठाले करवतीसारखे दात येतात. समोरून जसे, मागून बी तसेच.

दुपारी बाई आली, सोबत नागपूरचा एजंट. बाई लगित हसे, बोलण्या-बोलण्याले. मामीच्या हातचा चहा दोनदा पेली. मले तेच खटकलं.

एजंट म्हणे, "मामाजी, आपका डिझाइन पूरी दुनिया पहनेगी!"

मामी माह्या कानात, "दुनियेले नेसता येते का, ते विचार आधी."

दिवाळीपासून मागावर मोठी ऑर्डर नव्हती, म्हणून मामा खुश. त्यानं पेटीतून साडी काढली. आबाच्या, म्हंजे मामाच्या बापाच्या, हातची नक्षी, तशी एकच साडी उरली आहे.

मी खाली चटईवर बसली होती. बाईच्या स्कर्टचा काठ माह्या नाकासमोर. त्याच्यावर लाल दात, करवतीचेच! तिनं पाय हलवला तसा काठ पलटला. मागून कोरा पांढरा.

मामानं साडी पुढं केली.

"मामा, थांबा." आवाज माहाच होता, मलेच पटला नाही. "त्यायच्या स्कर्टचा काठ पलटून पाहा."

मामीनं सरळ जाऊन काठ धरला. "आवं माय, हे तं छापलेलं आहे!"

एजंट हसला. "अरे, वो पुराना माल है. इसीलिए तो असली लेने आए हैं."

बाईनं बी काठ पलटून पाहिला. लाल झाली. तिले माहीत होतं का नव्हतं, मले अजून समजलं नाही.

मामानं साडीची घडी घातली. "पाहिजे तं ऑर्डर द्या, विणून देतो. हे नाही जात. फोटो बी नाही."

"एक फोटो से क्या होता है, मामाजी?"

"तुमच्या मॅडमच्या स्कर्टले विचारा."

'फोन करतो' म्हणून गेले. मामीनं भात अना लाखोळीची डाळ वाढली. मामा म्हणाला, "बरं केलं, पोरी." पण पाहत होता मागाकडं.

संध्याकाळच्या गाडीनं मी सिहोऱ्याले आली. आता कोणताही कपडा हातात आला का आधी पलटून पाहते. माहा तुमसरच्या बाजारातला फुलाफुलाचा कुर्ता बी मागून कोराच निघाला.

कंपनीचं पान रोज उघडते. आबाची नक्षी त्याच्यावर आली नाही. मामाले ऑर्डर बी आली नाही.

मामी फोनवर विचारते, "काही आलं का व?"

ती नक्षीचं विचारते का ऑर्डरचं, ते मी विचारत नाही.