नाल्याखालची फुगडी

वर्क्स मॅनेजरसाहेबांनी टेबलावर काचेची बाटली आपटली. आत पवना नदीचं पाणी, नितळ.

"घ्या मॅडम. आमच्या नाल्याखालचं. लॅबचा रिपोर्ट क्लीन आहे. आता तुमची पत्रकं बंद करा."

"मग प्या," मी म्हटलं.

ते प्यायले नाहीत. मीही नाही.

मी पिंपरीजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांची प्रॅक्टिकल्स घेणारी. उरलेल्या वेळात पत्रकं लिहिणारी. आमच्या शेजारच्या सखूमावशीचं घर पवनेत मासे धरून जगलेलं. साहेबांच्या कंपनीचा सांडपाण्याचा नाला नदीत सुटला आणि जाळं रिकामं यायला लागलं. शेवटी मावशीच्या नवऱ्यानं ते आढ्याला टांगलं आणि त्याच कंपनीत हमालीला गेला. मला संताप यायचा. त्या संतापाची मी पत्रकं सायक्लोस्टाइल करायचे आणि शिफ्ट सुटताना गेटवर वाटायचे.

पण ती बाटली मला हरवत होती. घाण रात्रपाळीत सोडायची, बाटली दिवसा भरायची. सगळ्या वस्तीला माहीत. सिद्ध कसं करणार?

तेवढ्यात शिष्यवृत्तीवर वेल्समधल्या एका युनिव्हर्सिटीचा उन्हाळी फील्ड कोर्स मिळाला. विषय इकॉलॉजी: कोणता जीव कुठे राहतो, का राहतो आणि का नाहीसा होतो. मला वाटलं, मोठमोठी यंत्रं दाखवतील. प्रोफेसरबाईंनी पहिल्याच सकाळी गमबूट दिले आणि बर्फासारख्या ओढ्यात उभं केलं. मी ऐटीत त्यांना माझ्या पत्रकाचं भाषांतर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "उद्गारचिन्हं भरपूर आहेत. किडा एकही नाही."

असा राग आला! पण बाई खरं बोलत होत्या.

त्यांची पद्धत साधी. वाहत्या पाण्यात जाळी धरायची आणि तिच्या वरच्या अंगाला पायानं तळाचे गोटे ढवळायचे. गोट्यांखालचे किडे वाहत जाळीत येतात. याला किक सॅम्पलिंग म्हणतात. तीन शेपट्यांचे चपटे किडे सापडले तर पाणी चांगलं. नुसते तांबडे, गांडुळासारखे सापडले तर पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. बाटली फक्त त्या घटकेचं सांगते. किडा रात्रपाळीलाही तिथंच असतो.

बाकीची मुलं नुसती लाथा झाडत होती. मी एका आयरिश मुलीचे हात धरले आणि ओढ्यात फुगडी घातली. सगळ्यांत जास्त किडे आमच्या जाळीत! प्रोफेसरबाई हसून हसून काठावर बसल्या. इतकी मजा मला मोर्चात कधी आली नव्हती.

परत आल्यावर थेट साहेबांकडे गेले. "नदीवर तुम्ही बाटली आणा, मी जाळी आणते. नाही आलात तर पत्रकात तेवढंच छापीन."

आले. पांढरे बूट घालून, फोरमन दत्तूभाऊंना बरोबर घेऊन.

आधी नाल्याच्या वर, जिथे सांडपाणी अजून मिसळलेलं नसतं. सखूमावशी आणि तिची जाऊ घोटाभर पाण्यात उतरल्या. मी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी धरली.

"पोरी, फुगडी शिकाया विलायतेला गेलीस व्हय?"

"घाल गं मावशी. एक गाणं संपेपर्यंत. खालीही तेच गाणं."

जाळी इनॅमलच्या पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली. ट्रे वळवळायला लागला. साहेब उकिडवे बसून बघत राहिले. "अहो, हा पळतोय! तीन शेपट्या!"

मग नाल्याच्या खाली. तीच फुगडी, तेच गाणं. ट्रेमध्ये काळा गाळ आणि तांबडे किडे. बस्स.

साहेब ताडकन उठले. "हे चालणार नाही. इथे बायकांनी पाय हळू मारले."

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "मग तुमी घाला की सायब. आमी गातो."

शिफ्ट नुकतीच सुटलेली. काठावर ही गर्दी. माघार घेता येईना. साहेबांनी पँट दुमडली आणि दत्तूभाऊंचे हात धरले.

"जोरात, साहेब! ओव्हरटाइम लावा!" काठावरून आरोळी आली.

बायका मुद्दाम गाणं लांबवत होत्या. साहेब गरागरा फिरत होते आणि, खोटं कशाला सांगू, हसतही होते. थांबले तेव्हा गुडघ्यापर्यंत काळे झाले होते. ट्रेमध्ये पुन्हा तांबडेच किडे, आधीपेक्षा जास्त.

साहेबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. नाक आक्रसलं.

"दत्तू, सेटलिंग टँकमध्ये काय आहे?" सांडपाणी थांबवून गाळ खाली बसवायची ती टाकी.

"भंगार हाय साहेब. पहिल्यापास्नं."

"उद्या रिकामा करा. आणि रात्रीचा व्हॉल्व्ह बंद."

पुढच्या उन्हाळ्यात नाल्याखाली पुन्हा जाळी लावली. ट्रेमध्ये एक तीन शेपट्यांचा निघाला. मग आणखी एक. साहेब ओरडले, "मला आधी दिसला!" मावशीच्या नवऱ्यानं आढ्यावरचं जाळं काढलं. पहिल्या मोठ्या माशाचं कालवण मावशीनं डब्यात घालून साहेबांकडे पोचवलं. त्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

पवनेचं पाणी मात्र ते अजून पीत नाहीत. म्हणून मी पत्रकं अजून लिहिते, उद्गारचिन्हांसकट. फक्त आधी पाय ओले करते.