दगडी पेटीवरचं नाव

मंडळी, संपात बंद पडलेला गिरणीचा भोंगा मला अजून शाळेतल्या कवितेसारखा पाठ आहे.

आज सकाळी आमच्या जुन्या गिरणीकरांच्या ग्रुपवर मी एक व्हिडिओ टाकला. जेरुसलेममध्ये हाडं ठेवायच्या जुन्या दगडी पेटीवर येशूचं नाव कोरलेलं सापडलं, म्हणून म्हणे ही येशूच्याच घरच्यांची कबर. येशू कबरीतून उठला असं मानणारा खोताच्या वाडीतला फिलिप लगेच ग्रुप सोडून गेला.

मग आठवलं, गिरणीत फिलिपच्या नि माझ्या खात्यात माझ्यासकट तीन दत्ताराम होते. डब्यावर नाव कोरलेलं असूनही मी कितीदा दुसऱ्याच दत्तारामाची भाकरी खाल्ली. मग नुसत्या नावावरून कबर कशी ओळखली? की खरंच असेल काही? मला कळेना.

फिलिपची माफी कशी मागू, हे तुम्हाला विचारत होतो, तोच कडी वाजली. दारात काठी टेकून फिलिप.

“दत्ता, तो व्हिडिओ नक्की कुठल्या दत्तारामाने टाकला रे?”