घंटेवर लिहिलेलं नाव

मंगलाबाई बोरसे जळतात, असं कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर बाईंनी त्या माणसाला सरळ वर्गाबाहेर उभं केलं असतं. हेवेदावे हे त्यांच्या मते रिकामटेकड्या बायकांचे उद्योग. गुजरातेत, गोडादऱ्याच्या अलीकडे असलेल्या मराठी माध्यमाच्या शाळेत एकोणीस वर्षं सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला असल्या गोष्टींना सवड कुठली? पण जूनमध्ये शाळा उघडली आणि तेव्हापासून त्यांच्या पोटात जे दुखत होतं, त्याला दुसरं नाव नव्हतं.

त्या दुखण्याचं नाव रश्मी देवरे. वय सत्तावीस, नेमणूक कंत्राटावर, पायात पांढरे बूट. पहिल्याच दिवशी मुलं तिला ‘मॅडम’ म्हणाली. मंगलाबाई एकोणीस वर्षं ‘बाई’ होत्या आणि त्यात त्यांना काही कमी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आचार्य सुकलाल सरांनी (मुख्याध्यापकांना इकडे सगळे आचार्यच म्हणतात) वेळापत्रक नव्याने बसवलं. धडे आणि कविता मंगलाबाईंकडे ठेवल्या आणि तिन्ही वर्गांचं व्याकरण रश्मीकडे दिलं. “तुमच्यावरचा भार कमी केला, बाई,” असं म्हणून सर प्रसन्न हसले. बाईही हसल्या. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी पाण्याची अख्खी बाटली एका दमात रिकामी केली.

कारण व्याकरण हाच तर बाईंचा जीव. त्यातही कॅपिटल अक्षरं. आपल्या लिपीत लहान-मोठं काही नसतं. क हा क असतो, वाक्याच्या सुरुवातीला असो की शेवटी. गुजरातीतही तेच. त्यामुळे इथलं पोर इंग्रजी लिहायला बसलं की बापाचं नाव लहान, गावाचं नाव लहान, रविवारसुद्धा लहान, आणि मध्येच कुठेतरी ‘टेबल’ला उगाच मोठा टी. बाईंनी स्वतःच्या हाताने सात नियमांचा तक्ता केला होता. पोरं तो पाढ्यांसारखा म्हणत. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा, त्यातही चुकला तर वीस वेळा. या रीतीने कंटाळा येई, पण अक्षरं जागच्या जागी बसत. बाईंच्या हाताखालून गेलेल्या पोराने बँकेचा फॉर्म भरला की कारकुनाला तो परत द्यावा लागत नसे, हे खरंच होतं.

रश्मी मात्र तक्त्याकडे बघेचना. ती पुठ्ठ्यावर शब्द लिहून आणी आणि पोरांच्या गळ्यात अडकवी. मग वाक्य तयार करायचं. ज्याला मोठं अक्षर तो उभा राहील, बाकीचे मांडी घालून खाली. ‘बारडोली’ उभी, ‘ऊस’ बसलेला. कुणी चुकून उभं राहिलं की सगळा वर्ग गुजरातीत ‘खाली बस’ म्हणून ओरडे, “बेसी जा!” तो आरडाओरडा भिंतीपलीकडे मंगलाबाईंच्या वर्गात ऐकू येई आणि त्यांचे विद्यार्थी धडा सोडून भिंतीकडे कान लावत. बाई खडू आपटत. “शाळा आहे की जत्रा?” असं त्या पुटपुटत, पण दुपारी रिकाम्या तासाला रश्मीच्या खिडकीवरून दोनदा तरी जात. पाणी प्यायला जाते, असं स्वतःला सांगत.

आणि मग सोनाली.

सोनाली आठवीत होती. बाप हिलाल पॉवरलूमवर, आई कलाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. पोरगी अशी की एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. सहावीत असताना तिने मंगलाबाईंना विचारलं होतं, “बाई, ‘मी’ला मोठा आय आणि ‘आई’ला लहान एम, असं का?” बाई तेव्हा वह्यांचा गठ्ठा तपासत होत्या. “नियम आहे. लिही,” असं त्यांनी सांगितलं आणि सोनालीने लिहिलं. तोच प्रश्न पोरीने जुलैमध्ये रश्मीला विचारला. रश्मीने त्यावर अख्खा तास घालवला. एकटा लहान आय झिजलेल्या काडीसारखा दिसे आणि वाचताना निसटून जाई, म्हणून लिहिणाऱ्यांनी त्याला मोठा करून टाकला, गर्वाचा त्यात संबंध नाही, असलं काहीबाही सांगितलं. पोरं घरी जाऊन आयांना सांगत सुटली.

कलाबाई एकदा फाटकाशी भेटली आणि कौतुकाने म्हणाली, “बाई, मनी सोनी घर ईसन नवी मॅडमनंच सांगत ऱ्हास. भलती चांगली शे म्हने.”

“हो, चांगली आहे,” बाई म्हणाल्या. घरी आल्यावर भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा दिलीप बँकेतला शांत माणूस. त्याने एक घास खाल्ला, पाणी प्याला आणि विचारलं, “आज परत देवरेबाई का?” मंगलाबाईंनी त्याच्या पुढचं ताट उचलून नेलं.

तरी बाईंना एक भरवसा होता. पाच सप्टेंबर.

त्या दिवशी आठवीची मुलं शिक्षक होतात आणि खालच्या वर्गांना शिकवतात. हे सगळीकडेच होतं. पण या शाळेत एक रीत होती. जी मुलगी ज्या बाईंची जागा घेणार, तिने त्या बाईंकडे जाऊन त्यांचीच साडी मागायची. बाजारची नाही, आईची नाही, बाईंच्या अंगावरची. एकोणीस वर्षांत मंगलाबाईंची बदामी रंगाची, तांबड्या काठाची साडी नेसलेल्या एकोणीस मुली बाईंना नावानिशी पाठ होत्या. एक नर्स झाली, एक सचिन गावातल्या कारखान्यात हिशेब लिहिते, एकीने तर लग्नाच्या पत्रिकेवर बाईंचं नाव छापलं. साडी दर वर्षी वर्गातली सगळ्यात हुशार पोरगीच मागे. यंदा ती सोनाली असणार, हे बाईंनी सहावीतच ठरवून टाकलं होतं. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी साडी धुऊन, स्टार्च करून, घडी घालून पिशवीत ठेवली आणि पिशवी रोज शाळेत आणू लागल्या.

सोनाली आली. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. बाईंचा हात पिशवीकडे गेलासुद्धा.

“बाई, यादी तुमच्याकडे आहे ना? माझं नाव रश्मी मॅडमसमोर लिहा. मी त्यांची साडी मागितली. हो म्हणाल्या.”

पोरगी खुशीत होती. बाई पिशवीची नाडी बांधत राहिल्या. “बरं,” एवढंच त्या म्हणाल्या. सोनाली उड्या मारत गेली आणि बाईंना आतून जे वाटलं ते साधं नव्हतं. आपलं माणूस भर बाजारात दुसऱ्याचं बोट धरून चालताना दिसावं, तसं काहीसं. त्यांना रश्मीचा राग आला, पोरीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या नीट घडी घातलेल्या साडीचा आला.

या दिवसाची यादी करायचं काम वर्षानुवर्षं मंगलाबाईंचं. कोण कुठल्या वर्गावर, कोण आचार्य, कोण शिपाई, ते सगळं त्या लिहीत आणि सर न वाचता सही करत. बाईंनी पेन उचललं. रश्मीच्या नावासमोर भलत्याच मुलीचं नाव घातलं. आपल्या नावासमोर चंचल पाटीलचं. चंचलला सातवीचा कॅपिटल अक्षरांचा तास दिला, म्हणजे निदान एक दिवस तरी ती अक्षरं आपल्या साडीत परत येतील. आणि सगळ्यात खाली, ‘शिपाई - घंटा’ यासमोर त्यांनी सोनाली हिलाल लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

फळ्याशेजारी यादी लागली तेव्हा सोनालीने ती दोनदा वाचली. रश्मीच विचारायला आली, “बाई, सोनालीचं काही चुकून...?”

“सगळ्यांना सगळी कामं यायला हवीत,” मंगलाबाई म्हणाल्या. रश्मीने मान डोलावली. तिने वाद घातला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

पाच तारखेला चंचल बदामी साडी नेसून आली. साडी तिला आखूड होत होती. सोनाली शाळेच्या गणवेशातच होती, हातात घंटेची हातोडी. सकाळचे तास बरे गेले. चौथ्या तासाला चंचल सातवीत शिरली, फळ्यावर ‘रूल वन’ लिहिलं आणि थांबली. पुढचं आठवेना. तिने तक्त्याकडे पाहिलं, पण तक्ता जुलैमध्येच कपाटामागे गेला होता. मागच्या बाकावरून कुणीतरी मांजराचा आवाज काढला. मग दोन मांजरं झाली, मग अख्खी सातवी. चंचल साडीचा पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मंगलाबाई व्हरांड्यातच होत्या. त्या आत जायला निघाल्या आणि त्यांच्या आधी घंटेजवळून सोनाली आत गेली. तिने चंचलला खुर्चीवर बसवलं, वहीची पानं फाडली, भराभर शब्द लिहिले आणि पोरांच्या हातात कोंबले. “सुमित, तू बारडोली. ऊठ. अरे, तू ‘गोज’ आहेस, तू कशाला उठलास? बेसी जा!” वर्ग हसला आणि मग गप्प झाला. पोरं वाकून आपापला कागद वाचू लागली. ज्याला उठायचं तो उठे, शेजारच्याकडे बघून खात्री करून घेई. एका मुलीने विचारलं, “सोमवार का उभा? तो काय माणूस आहे?” सोनाली खाली तिच्याशेजारी बसली आणि उत्तर देऊ लागली. जणू वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवून, घाई न करता.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांना रश्मी दिसत होती, त्या पोरीच्या हातवाऱ्यांत, बसण्यात, हसण्यात. आपलं काही दिसतंय का, म्हणून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. दिसलं नाही. आतून जळत होतंच. पण सातवी शिकत होती. एवढ्या वर्षांच्या शिक्षिकेला ते ओळखता येणार नाही, असं कसं होईल?

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. तास संपायला एक मिनिट होतं आणि घंटेपाशी कुणी नव्हतं. आयुष्यात एकही तास मिनिटभर लांबू न दिलेल्या बाई चालत घंटेपाशी गेल्या, खाली पडलेली हातोडी उचलली आणि तशाच उभ्या राहिल्या. वेळ झाली. त्यांनी हात वर केला नाही. तीन मिनिटं गेली, चार गेली. शेजारच्या वर्गांत चुळबुळ सुरू झाली.

सुकलाल सर ऑफिसातून बाहेर आले. “घंटेवर कोण आहे आज?”

“मी आहे, सर. थांबा थोडं.”

सर बघतच राहिले आणि आत गेले. तेवढ्यात सातवीच्या दारातून सोनाली धावत आली. तोंड उतरलेलं, हाताला खडू. “बाई, चुकलं माझं! घंटा राहिली!”

“तुझं नाही चुकलं,” मंगलाबाई म्हणाल्या. “तुझं नाव घंटेवर मी लिहिलं. मुद्दाम लिहिलं. तू तिची साडी मागितलीस म्हणून.”

सोनालीने त्यांच्याकडे पाहिलं. पोरगी रागावलेली नव्हती. असती तर सोपं गेलं असतं.

“माहीत आहे, बाई,” ती हळूच म्हणाली. “अख्ख्या वर्गाला माहीत आहे.”

आणि तिने बाईंच्या हातातून हातोडी घेतली आणि घंटा दिली.