रक्त गोठू नये म्हणून

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं एकाच कामावर होते: रक्त गोठू न देणारं नवं औषध शोधायचं. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात समोर तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली असे, तिच्यात ओळीने बारीक खळगे. एका बाजूला आम्लांचा संच, दुसऱ्या बाजूला अमाइनांचा, म्हणजे आम्लांशी जोडल्या जाणाऱ्या नायट्रोजनयुक्त संयुगांचा. या संचातल्या प्रत्येकाची त्या संचातल्या प्रत्येकाशी जोडी लावायची, म्हणजे खळग्यागणिक वेगळा रेणू तयार होतो. मग रक्त गोठवणारं एन्झाइम त्यातला एखादा अडवतो का, ते बघायचं. बहुतेक वेळा कुणीच अडवत नसे. ताटली टाकायची, नवी घ्यायची. थेंब मोजून सोडायची पिपेट दिवसभर दाबून, घरी जाताना स्कूटरचा हॉर्न दाबायलाही अंगठा नको म्हणायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शहराबाहेर मळ्यात पालेभाज्या पिकवतात. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ते रक्त पातळ ठेवायची जुनी गोळी घेतात. पालेभाज्या एकदम जास्त खाल्ल्या की त्या गोळीचा जोर कमी होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खा, पण रोज सारखीच खा. अण्णांना ते पटलं नाही. "मोजून खायची तर खायचीच कशाला?" म्हणाले आणि त्यांनी भाजी सोडूनच दिली. गोळीचं प्रमाण त्या हिशेबाने बसलं.

एका हिवाळ्यात आमच्या एका खळग्यातल्या रेणूने एन्झाइम चांगलंच अडवलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. तो हातात असतानाच भावाचा फोन आला. जेवताना अण्णांच्या हातातला घास पडला होता आणि बोलणं वेडंवाकडं येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल झाला का? आई खाली बघत म्हणाली, "मेथी खात्यात रोज. दोन्ही वेळेला. थंडीची कवळी निघाली, त्यांनीच पेरलेली. मी नाय कसं म्हणू?"

मेंदूत गेलेली गुठळी लहान होती. बोलणं हळूहळू सुधारलं, उजव्या हातात मात्र जोर परत आला नाही. बांधावर बसून ते जुड्या बांधायचे, ते थांबलं.

त्यानंतर मी दर रविवारी मळ्यात जाऊ लागले. आठवडाभर त्या एका रेणूची भावंडं बनवायची: इथे एक अणू बदल, तिथे एक शेपूट लाव. रेणू ताटलीत गुणी होता, पण यकृताच्या पेशींसमोर ठेवला की टिकत नव्हता. टिकणारा केला तर पाण्यात विरघळत नव्हता. रविवारी अण्णा विचारायचे, "तुझी गोळी कवा येनार?"

एकदा मी सरळच सांगितलं. "अण्णा, आली तरी तुम्हाला चालणार नाही. असल्या नव्या गोळ्या धातूच्या झडपेला देत नाहीत. तुम्हाला जुनीच."

ते डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "मंग एवढी दमतीस कोनासाठी?"

"नोकरी आहे," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात, ज्या परदेशातल्या कंपनीसाठी आम्ही हे करत होतो, तिने काम बंद करायला सांगितलं. त्यांच्या दुसऱ्या कुठल्या तरी प्रयोगशाळेचा रेणू पुढे गेला होता. आम्ही फ्रीजर रिकामा केला. इतक्या जोड्या लावल्या होत्या, त्या सगळ्या दुपारभरात जाळायच्या कचऱ्यात गेल्या. मला त्वचेच्या मलमाच्या कामावर टाकलं. तिथेही ताटल्याच आहेत.

आई आता रोज मूठभर मेथी शिजवते, तेवढीच, एकही दिवस न चुकता. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवून दिली. मागच्या महिन्यात रक्ताची तपासणी ठीक आली. मी फोनवर तसं सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "बरं. तू जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. हो म्हणाले.