सपाट समुद्राच्या शोधात

तरणतलावाच्या काठावर पाय पाण्यात सोडून आमचे शेजारी बापटराव गेले तीन उन्हाळे आपली पहिली शर्यत निवडत आहेत. एकाच दिवसात आधी पोहायचं, मग सायकल हाणायची आणि उरलाच जीव तर धावायचं, अशी ती लांब पल्ल्याची ट्रायथलॉन. मोबाइलवर नकाशे चोळून चोळून त्यांच्या बोटांचे ठसे पार पुसले गेले. आता तो मोबाइलही त्यांना ओळख देत नाही.

"कोकणात लाटा फार, घाटावर चढ फार," ते म्हणाले. "परदेशात एक सापडलीय. पाणी सपाट, रस्ता सपाट, वारा पाठीवर."

"न्यायला पालखी पाठवतात का हो?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस होता, आणि यंदा उतरणारच म्हणून त्यांनी सोसायटीभर पेढे वाटले होते.

निवडत बसणारी ही जमात वांगंसुद्धा नखाने टोचून परत टोपलीत टाकते. जन्माआधी देवाने विचारलं असतं, तर बापटराव अजून वरतीच बसून आईबाप पसंत करत असते.

एवढ्यात त्यांना सोबत म्हणून पोहायला शिकलेल्या वहिनी सपासप हात मारत काठापर्यंत आल्या.

"अगं सुनंदा, नोंदवू का नाव?"

वहिनींनी गॉगल कपाळावर चढवला. "नोंदवा नाहीतर राहू द्या. आधी ते पाय काढा, मला वळायचंय."

बापटरावांनी पाय वर घेतले आणि काठावर ऐसपैस मांडी घातली.