तिकडं कसंय?

आमच्या बजाजनगरातल्या गल्लीत आभाळकाकूंचं खरं नाव कुणी घेत नसे. बोलता बोलता त्यांची मान वर जायची. ढग दिसला की त्या पदराला हात पुसून फोन लावायच्या आणि विचारायच्या, "तिकडं कसंय?"

तिकडं म्हणजे दौलताबादला, लेकीकडे. काकू एकट्या राहायच्या. वैशालीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा त्यांनी तिला दार बंद केलं होतं. दोघी सारख्याच हट्टी. खाण तशी माती. पण एका उन्हाळ्यात इथं गारा पडल्या आणि लेकीचा कांदा उघड्यावर असेल या काळजीने काकूंना राहवेना. तेव्हापासून फोन सुरू झाला, तोही फक्त आभाळापुरता. मी चिडवलं की म्हणायच्या, "पावसाचं इचारलं म्हंजी बोलणं धरलं असं नाय."

विषय कधी संपायचाच नाही. वाट जेमतेम अर्ध्या तासाची, पण इथं पन्हळी वाहत असताना तिथं धूळ उडायची. तिथं ओढ्याला पाणी आलं तरी आमच्या गच्चीवरच्या चादरी कडक वाळायच्या. मी मोबाइलवरचा अंदाज दाखवला तर काकू उडवून लावायच्या. "त्याला बजाजनगर अन् दौलताबाद एकच. मधी डोंगर हाय, त्याला काय ठावं?" त्यांचेही अंदाज निम्मे चुकायचे, ते सोडा.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. ऊन असं, की पाय ठेववत नव्हता. मधेच काकूंनी फोन लावला. "तिकडं कसंय? इकडं लई अंधारून आलंय गं. कुरडया भिजतील. उचलू लागायला कुणी नाय." मी शेजारीच होते, दोन्ही हात चिकाने भरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वैशाली रिक्षातून उतरून धावतच जिना चढली. वर ढगाचा ठिपका नव्हता. तिने आभाळाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आत्ताच पांगलं बघ," काकू कुरडयांकडे बघत म्हणाल्या. "तुमच्याकडंच सरकलं असंल."

"व्हय," वैशाली म्हणाली. "मला वाटंतच लागला पाऊस." आणि तिने ओढणीने डोळे पुसले.

आता काकू लेकीकडेच राहतात. त्यांच्यावाचून गच्चीवर करमत नाही. परवा त्यांचा फोन आला, "तिकडं कसंय?"

इथं लख्ख ऊन पडलं होतं.

"लई भरून आलंय, काकू," मी म्हणाले. "लवकर या."